नदीद्वीपे

नदीद्वीपे : नदीच्या पात्रात चोहोबाजूंनी प्रवाहाने वेढलेल्या भूभागास नदीद्वीप म्हणतात. ‘द्वीप’ हा संस्कृत शब्द ‘द्वि’ व ‘अप्’ (पाणी) यांपासून बनला आहे. दोन्ही बाजूंना पाणी असलेली भूमी, हा त्याचा मूळ अर्थ सागरी बेटांपेक्षा नदीतील बेटांनाच अधिक चपखल बसतो.

लक्षद्वीपासारखे सागरी द्वीपसमूह प्रवाळांच्या सांगाड्यांपासून, तर हवाईसारखे ज्वालामुखींच्या उद्रेकांतून निर्माण झाले. नदीद्वीपे बहुधा गाळाची असतात. उतार कमी झाला, पात्र रुंदावले किंवा खडक आडवा आला, की प्रवाहाचा वेग मंदावतो व वाळू साचून दांडा तयार होतो. त्यावर गवत व झुडपे रुजली, की मुळांमुळे वाळू धरून राहते आणि पुढच्या पुराचा गाळ त्यावर थरावतो. काही बेटे मात्र नदीने मार्ग बदलल्याने मूळ भूमीपासून तुटलेली असतात. आसाममधील माजुली हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय. परंतु ब्रह्मपुत्रेच्या धुपीमुळे विसाव्या शतकात त्याचे क्षेत्रफळ निम्म्याहून कमी झाले. जी नदी बेट घडविते तीच ते खाते.

गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड हे या अर्थाने बेट नव्हे, तथापि पावसाळ्यात त्याला बेटाचे रूप येते. पर्लकोटा व पामुलगौतम या नद्या येथे इंद्रावतीस मिळतात. इंद्रावतीला मोठा पूर आला, की उपनद्यांचे पाणी मुखाशी अडते व फुगवटा मागे पसरतो. त्यामुळे गावावर फारसा पाऊस नसतानाही पाणी चढू शकते. पर्लकोटेवरील जुना ठेंगणा पूल बुडाला, की आलापल्लीकडील रस्ता बंद होई. ऑगस्ट-सप्टेंबर २०१९ मध्ये असे वारंवार घडले आणि बाजारपेठेतही पाणी शिरले. आतील माडिया गोंड वस्त्यांची स्थिती अधिक बिकट असते, कारण मधले लहान नालेही त्याच वेळी दुथडी वाहतात. पावसाळ्यापूर्वी धान्याचा व औषधांचा साठा करणे ही येथील जुनी निकड आहे. १९७३ साली सुरू झालेल्या लोक बिरादरी प्रकल्पाचे हेमलकसा येथील रुग्णालय अवघ्या काही किमी. अंतरावर, परंतु पर्लकोटेच्या दुसऱ्या तीरावर आहे. पुराच्या दिवसांत रुग्णाच्या दृष्टीने हे अंतर किमी.मध्ये मोजता येत नाही.