मण्यांवर थांबणारी बोटं

राखीपौर्णिमा महिन्याभरावर आली की टोकियोच्या निशिकासाई भागातल्या पोस्टात आपल्याकडच्या बायकांची ये-जा वाढते, असं शेजारच्या वहिनी म्हणाल्या होत्या. साध्या लिफाफ्यातली राखी तिथे घेत नाहीत, हेही त्यांनीच सांगितलं. ते मनाला लागलं, म्हणून मी बघायला गेले.

काउंटरवर पन्नाशीचे एक गृहस्थ होते. लिफाफा हाती आला की ते आधी पत्ता वाचत नाहीत. अंगठा आणि तर्जनीत धरून कागदावरून बोटं फिरवतात, अगदी हलक्या हाताने. मधोमध मणी लागले की थांबतात. "आत वस्तू आहे ना?" मिरजेच्या एका मुलीने मान डोलावली. त्यांनी नियम सांगितला: १ मार्च २०२४ पासून परदेशी जाणाऱ्या वस्तूंवर हाताने लिहिलेलं लेबल चालत नाही.

नुसतं पत्र असतं, तर हाताने लिहिलेला पत्ता चालला असता. दोऱ्याला चार मणी लागले की ती वस्तू, आणि वस्तूची माहिती ती पोचण्याआधीच संगणकावरून त्या देशाच्या कस्टमकडे गेली पाहिजे. सुरक्षिततेचं कारण मला पटतं. तरीही तिने निळ्या शाईत इतक्या निगुतीने लिहिलेला भावाचा पत्ता बाजूला पडला, याचं वाईट वाटलंच.

तिने फोनवर रोमन लिपीत सगळं भरलं आणि कोपऱ्यातल्या यंत्रातून लेबल छापून आणलं. मग त्या गृहस्थांनी पेन्सिलीचं टोक पिनकोडवर ठेवलं आणि एकेक आकडा मोजला. "सहा?" "सहा." जपानचा पिनकोड १९९८ पासून सात आकडी आहे, त्यामुळे भारताचं पाकीट आलं की ते मोजून घेतात. आपले हे सहा आकडे १५ ऑगस्ट १९७२ ला आले, श्रीराम भिकाजी वेलणकरांच्या कल्पनेतून. टपालखात्यातला मोठा अधिकारी आणि संस्कृतचा कवी असलेला हा मराठी माणूस. टोकियोतल्या पेन्सिलीखाली त्यांचे सहा आकडे बघताना मला फार अभिमान वाटला.

"चॉकलेटही घालू का?" मुलीने मला मराठीत विचारलं. भारताचा डिसेंबर २०१९ चा नियम मला ठाऊक होता: टपालाने भेट म्हणून आलेल्या वस्तूंची शुल्कमाफी बंद झाली, सवलत उरली ती जीवरक्षक औषधांना आणि राखीला. राखीसोबतच्या भेटीला नाही. म्हणजे चॉकलेटवर भावालाच पैसे भरावे लागायचे. निदान राखीची आठवण कुणीतरी ठेवली, हे मला त्या रुक्ष नियमातलं शहाणपण वाटतं. चॉकलेट पिशवीतच राहिलं.

"पौर्णिमेपर्यंत पोचेल ना?" या प्रश्नावर त्या गृहस्थांनी खोटा दिलासा दिला नाही. दिवसाची हमी देता येत नाही म्हणाले, आणि ईएमएस या जलद टपालसेवेचा दर दाखवला. महाग होता. तिने तोच घेतला.

पावती देताना त्यांनी तिच्यावरच्या क्रमांकाभोवती गोल केला: आधी दोन अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी जपानची 'जेपी'. भारतीय टपालखात्याच्या संकेतस्थळावरही हाच क्रमांक चालतो. तिने तिथेच उभं राहून पावतीचा फोटो भावाला पाठवला, आणि गृहस्थांनी पुढचा लिफाफा हातात घेतला.