हिंगोलीची माध्यमिक शाळा : भाषा आणि समाज

शाळेचा इतिहास लिहिताना संस्थापक, इमारत आणि परीक्षांचे निकाल यांवर भर देण्याची रीत आहे. मराठवाड्यातील शहरांपुरती ही रीत अपुरी पडते. तेथील माध्यमिक शाळेचा खरा इतिहास तिच्या अध्यापनभाषेत साठलेला आहे. हिंगोली हे याचे बोलके उदाहरण होय. हैदराबाद कंटिंजंटची छावणी १९०३ पर्यंत येथे होती. छावणीच्या आश्रयाने परप्रांतीय शिपाई, व्यापारी आणि कारागीर येऊन वसले, आणि मराठी मुलखातील हे गाव बहुभाषिक झाले.

निजामाच्या राज्यात १८८४ च्या सुमारास फारसीच्या जागी उर्दू ही राजभाषा झाली. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ सुरू होऊन उच्च शिक्षणही उर्दूतून मिळू लागले, आणि त्याचा भार अर्थातच खालच्या वर्गांवर पडला. प्राथमिक शाळेस तहतानिया, मधल्या शाळेस वस्तानिया आणि हायस्कुलास फौकानिया म्हणत. तहतानियात मराठी शिकलेला मुलगा वरच्या वर्गांत गेला की भूमिती उर्दूतून शिके. त्रिकोण हा ‘मुसल्लस’ आणि काटकोन हा ‘जाविया कायमा’ होई. या परिभाषेमागे उस्मानियाच्या भाषांतरखात्याचे मोठे परिश्रम होते, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ज्या मुलाच्या घरी ती भाषा नव्हती त्याला विषय आणि भाषा अशा दोन्ही परीक्षा एकदमच द्याव्या लागत. खेड्यातल्या मुसलमान मुलाचीही स्थिती फार निराळी नव्हती. त्याच्या घरची दखनी आणि पुस्तकातली उर्दू यांत अंतर होते. तांड्यावरून येणाऱ्या बंजारा मुलाला तर मराठी आणि उर्दू या दोन्ही परक्याच. तरीही हे सारे एका वर्गात, एका बाकावर बसत. अडचण सर्वांना सारखी नसली, तरी वर्ग एकच होता.

या व्यवस्थेवर उतारा म्हणून गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय, औरंगाबादचे सरस्वती भुवन, अंबाजोगाईचे योगेश्वरी यांसारख्या खाजगी शाळा निघाल्या. १९३८ च्या वंदे मातरम् चळवळीत विद्यार्थ्यांचा असंतोष उघड झाला. कळमनुरी तालुक्यातील नांदापूर येथे १९३२ मध्ये जन्मलेले नरहर कुरुंदकर याच राज्यात वाढले आणि पुढे हैदराबादच्या सिटी कॉलेजात गेले. त्यांच्या पिढीला उर्दू ही सत्तेची भाषा म्हणूनही ठाऊक होती आणि वाङ्मयाची भाषा म्हणूनही. हा दुहेरी परिचय पुढच्या पिढीस लाभला नाही.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाल्यावर माध्यमिक शिक्षण मातृभाषेकडे वळले. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि सरकारी हायस्कुले त्यांच्याकडे गेली. उर्वरित महाराष्ट्रात माध्यमिक शिक्षण बहुतांशी खाजगी संस्थांच्या हाती असताना मराठवाड्यात जिल्हा परिषदेची ‘प्रशाला’ दिसते, ती यामुळेच. हिंगोली त्या वेळी परभणी जिल्ह्यात होती. स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला.

मातृभाषेचे माध्यम न्याय्य होते, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. दलित आणि शेतकरी कुटुंबांतील पहिली शिकणारी पिढी हायस्कुलापर्यंत पोहोचली, त्यात या बदलाचा वाटा मोठा आहे. मात्र त्याची एक किंमतही होती. मराठी माध्यम आणि उर्दू माध्यम यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. गाव पूर्वीइतकेच मिश्र राहिले, वर्ग राहिला नाही. मराठी शाळेत बौद्ध, मराठा, बंजारा, मारवाडी मुले आजही एकत्र बसतात. पण बंजारा मुलाची घरची बोली तिथेही वर्गाबाहेरच असते. उर्दू शाळेतील विद्यार्थ्यास मराठी हा विषय घ्यावाच लागतो. मराठी शाळेतील विद्यार्थ्याच्या वाट्यास उर्दू सहसा येतच नाही.

या एकतर्फी व्यवहाराचा परिणाम अनपेक्षित ठिकाणी जाणवला. सप्टेंबर २०२३ मध्ये मराठवाड्यातील निजामकालीन कुणबी नोंदी तपासण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तेव्हा जुनी दप्तरे उघडली, ती उर्दू, फारसी आणि मोडी लिपीत होती. आजोबांनी ज्या भाषेत हायस्कूल केले त्या भाषेतला घरच्याच जमिनीचा कागद नातवाला वाचता येईना, आणि तो वाचून घेण्यासाठी जाणकार शोधावे लागले.