ग्रूट कॉन्स्टान्शियाची वाट

केपटाउन शहराच्या दक्षिणेस, जेथे डोंगराच्या उतारावरून द्राक्षवेलींच्या रांगा खाली जातात आणि फॉल्स बे या उपसागरावरून येणारा गार वारा उन्हाळ्यातही द्राक्षांना सावकाश पिकू देतो, तेथे ग्रूट कॉन्स्टान्शिया ही दक्षिण आफ्रिकेतील सर्वांत जुनी वाइनरी आहे. तेथील टेस्टिंग रूममध्ये जाण्याचा बेत करणाऱ्यांस माझे आग्रहाचे सांगणे असे, की पेल्याला हात लावण्यापूर्वी तेथील जुना वाडा आणि वाइनची कोठी यांकरिता निदान दोन तास राखून ठेवावेत.

डच ईस्ट इंडिया कंपनीने १६८५ साली ही जमीन केपचा मुख्य अंमलदार सायमन व्हान डेर स्टेल यास इनाम दिली. या गृहस्थाच्या आईची आई हिंदुस्थानातून नेलेली, पुढे दास्यमुक्त झालेली स्त्री होती, आणि तिचा निर्देश 'गोव्याच्या किनाऱ्याची मोनिका' असा केला जातो. नातू मालक झाला, तरी त्याच मळ्यात वेली लावणारे आणि द्राक्षे खुडणारे हात गुलामांचेच होते. हिंदुस्थानचा किनारा, पूर्वेकडील बेटे, मादागास्कर अशा ठिकठिकाणांहून ही माणसे केपला आणली जात. वाड्यातील संग्रहालयात त्यांच्या जीवनाची हकिकत मांडलेली आहे, आणि ती वाचल्याविना पुढील चव अपुरीच राहील असे मला मनापासून वाटते.

१७७८ साली ही मालमत्ता हेन्ड्रिक क्लूटे याने खरेदी केली आणि कॉन्स्टान्शियाच्या गोड वाइनची कीर्ती युरोपच्या राजवाड्यांपर्यंत पोहोचली. सेंट हेलेना बेटावर बंदिवासात असलेल्या नेपोलियनलाही ती पुरविली जाई. क्लूटेच्या काळातील वाइनच्या कोठीच्या दर्शनी भागावर शिल्पकार आन्टोन आन्राइट याने १७९१ साली चुन्यात घडविलेले शिल्प अवश्य न्याहाळावे: देवांना मद्य देणारा गॅनिमिड, गरुड, आणि भोवती धुंद खेळणारी गुबगुबीत बालके. पुढे १९व्या शतकात भुरी आणि मुळे पोखरणारी फायलोक्सेरा कीड यांनी केपच्या वेलींची दैना केली (भुरीचे नाव काढताच नाशिकच्या बागायतदाराच्या पोटात काय गोळा येतो, हे सांगावयास नको), १८८५ साली मळा सरकारने विकत घेतला, आणि १९२५ साली आगीत वाडा भस्मसात झाल्यावर त्याचा जीर्णोद्धार करण्यात आला.

आता प्रवासाची तजवीज. दक्षिण गोलार्धातील ऋतू आपल्या उलट असल्याने तोडणीचा हंगाम साधारण जानेवारीअखेरीपासून मार्चपर्यंत चालतो, आणि जून ते ऑगस्ट हे पावसाळी महिने. जागा आगाऊ राखावी, वेळा निघण्यापूर्वी विचारून घ्याव्यात, पोटात काही घालून जावे, आणि अंगाला अत्तर लावू नये, कारण त्याच्या दरवळापुढे पेल्यातील नाजूक वास हरवतात.

चाखताना प्रथम पांढरी, मग तांबडी, आणि सर्वांत शेवटी गोड वाइन असा क्रम असतो. घोट गिळलाच पाहिजे असे नाही. थुंकण्यासाठी भांडे ठेवलेले असते आणि त्याचा उपयोग करणे तेथे शिष्टसंमतच आहे. सोव्हिन्यॉं ब्लां या पांढऱ्या वाइनमध्ये कधी पेरूचा, कधी ताज्या कापलेल्या गवताचा वास लाभतो. परंतु सावकाशी राखून ठेवावी ती गोड 'ग्रँड कॉन्स्टान्स'साठी: वेलीवरच सुरकुतत ठेवलेल्या मस्कॅट द्राक्षांपासून ती होते, तिला जर्दाळू आणि संत्र्याची साल यांची आठवण करून देणारा गंध असतो, आणि मागाहून येणारी आंबटसर धार तिचा गोडवा जिभेवर साचू देत नाही.

दक्षिण आफ्रिकेत १८ वर्षांखालील व्यक्तीस मद्य देता येत नाही, आणि पिऊन गाडी हाकणे हा तेथेही गुन्हा आहे. तेव्हा परतीच्या गाडीचा बंदोबस्त सकाळीच करावा.