फलकाचा समास



मुलाच्या हाती पहिली वही आली, की गुरुजी त्याला सांगतात, 'आधी समास सोड.' डाव्या बाजूला तांबडी रेघ असते. रेघेच्या उजवीकडे उत्तर लिहायचे आणि डावीकडे नुसता प्रश्नाचा क्रमांक. गुण द्यायचे तेही गुरुजी त्याच पट्टीत देतात. व्यवस्था अगदी साधी. पण चाळीस वह्यांचा गठ्ठा तपासायला बसले म्हणजे तिची किंमत कळते. सातव्या प्रश्नाचे उत्तर कोठे आहे हे पाहायला सगळे पान वाचावे लागत नाही. समासावरून नजर खाली नेली, की सात सापडलाच.

आज मी ह्या समासाविषयीच बोलणार आहे, पण वहीच्या नव्हे. शाळेच्या दारात, ग्रामपंचायतीपुढे किंवा पारापाशी जो फलक असतो, त्याच्या एका बाजूला अशीच पट्टी आखून घेतली, तर तीत काय लिहावे, काय लिहू नये आणि ती लोकांच्या खरोखर उपयोगी कशी पडेल, हा आजचा विषय.

बाजूची पट्टी ही काही नवी कल्पना नाही. आपल्याकडच्या जुन्या हस्तलिखित पोथ्या पाहा. लेखक मजकुराच्या दोन्ही अंगांना मोकळी जागा सोडत, आणि पुष्कळदा ती तांबड्या रेघांनी आखून घेत. पोथीची पाने सुटी असतात. वाऱ्याने उडाली, हातून सांडली, तर पुन्हा लावायची कशी? म्हणून समासात ग्रंथाचे नाव थोडक्यात आणि पानाचा आकडा लिहीत. लिहिताना एखादे अक्षर गळले, तर त्या जागी काकपदाची खूण करून ते अक्षर समासात लिहीत. म्हणजे समास हा शोभेसाठी नव्हता. ज्याला काही शोधायचे आहे, काही दुरुस्त करायचे आहे, त्याची ती सोय होती.

पंचांगाचेही तसेच. तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण ह्यांचे रकाने ठरलेले असतात. ते आज इकडे आणि उद्या तिकडे होत नाहीत. त्यामुळे ज्याला वर्षानुवर्षांची सवय आहे, तो माणूस चष्मा शोधायच्या आधीच योग्य रकान्यावर बोट ठेवतो. ह्यातून दोन गोष्टी शिकायच्या. पट्टीत मोजकेच असावे, आणि जे असेल ते नेहमी त्याच जागी असावे.

आता आपल्या गावचा फलक डोळ्यांपुढे आणा. मधोमध कालची बातमी. तिच्याखाली ग्रामसभेची सूचना. कोपऱ्यात एक सुविचार. त्याच्या डोक्यावर देणगीदारांची नावे. एका कडेला तिरक्या अक्षरांत वाढदिवसाच्या शुभेच्छा. आणि ह्या सगळ्यांच्या फटीत, जिथे जागा उरली तिथे, 'अर्ज करण्याची शेवटची तारीख' अशी एक बारीक ओळ. लिहिणाऱ्याने लिहिले खरे, पण वाचणाऱ्याला ते दिसलेच नाही!

त्याने बिघडते काय, असे कोणी म्हणेल. बिघडते ते सांगतो. आठवीच्या मुलांसाठी एनएमएमएस नावाची केंद्र सरकारची शिष्यवृत्ती आहे. सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतली, ज्यांच्या घरचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आहे, अशी मुले तिच्या परीक्षेला बसू शकतात. निवड झाली आणि पुढच्या अटी पाळल्या, तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये मिळतात. परीक्षा आठवीतच द्यायची असते. अर्जाची तारीख चुकली, तर पास होऊन पुढे गेलेल्या मुलाला पुढच्या वर्षी पुन्हा संधी नाही. शेतमजुराच्या घरात ४८,००० रुपये म्हणजे काय, हे मी तुम्हांला सांगायला नको. मुलगी शाळेत राहते की रोजंदारीवर जाते, हे त्यावर ठरू शकते. आणि हे सारे फलकावरच्या त्या एका बारीक ओळीवर अवलंबून!

तेव्हा ही पट्टी कशी करावी ते पाहू.

पुष्कळ शाळांत सहा फूट रुंद आणि चार फूट उंच फलक असतो. त्याचा एक चतुर्थांश, म्हणजे दीड फूट रुंदीचा भाग बाजूला काढा आणि मध्ये पांढऱ्या तैलरंगाने कायमची उभी रेघ मारा. खडूची रेघ दोन दिवसांत पुसते आणि मग मधल्या बातम्या पट्टीत शिरतात. उजवी बाजू घ्यावी की डावी? रस्त्याने येणाऱ्या माणसाला जी बाजू आधी दिसते, ती घ्यावी. एकदा घेतली की मात्र बदलू नये.

आता हिशेब करू. एक इंच उंचीचे ठसठशीत अक्षर दहा फुटांवरून सहज वाचता येते. एवढे अक्षर काढायचे, तर दीड फुटाच्या पट्टीत एका ओळीत पंधरा-सोळा अक्षरे बसतात, म्हणजे तीन-चार शब्द. आपल्या लिपीत वर वेलांट्या आणि मात्रा, खाली उकार; म्हणून एका ओळीला दोन इंच उंची तरी हवी. चार फुटांत अशा चोवीस ओळी होतात. मथळे आणि मोकळी जागा वजा केली, तर हाती उरतात अठरा ओळी. हेच आपले भांडवल. ते जपून वापरायचे.

ह्या अठरा ओळींची चार घरे करा.

पहिले घर सर्वांत वर, आणि ते संकटकाळाचे. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलीस आणि इतर तातडीच्या मदतीसाठी ११२, अडचणीतल्या मुलांसाठी १०९८. एवढे तीन आकडे आणि त्यांच्याखाली एकच ओळ: सर्पदंशावरची लस जवळच्या कोणत्या दवाखान्यात मिळते. ही ओळ लिहिण्यापूर्वी त्या दवाखान्यात विचारून खात्री करून घ्या. रात्री रानातून माणूस आणला आणि आधी चुकीच्या दवाखान्यात नेला, तर गेलेली घटका परत येत नाही. हे घर तैलरंगाने लिहून ठेवले तरी चालेल, मात्र दर सहा महिन्यांनी पुन्हा विचारणा करावी.

दुसरे घर शेवटच्या तारखांचे. त्यात तीनच तारखा असाव्यात, जी सर्वांत जवळची ती वर. चौथी तारीख आली तर? तिने आपली पाळी येईपर्यंत मधल्या फलकावर थांबावे. प्रत्येक तारखेपुढे दोनच गोष्टी लिहायच्या: काम कोणते आणि भेटायचे कोणाला. 'इच्छुकांनी विहित मुदतीत अर्ज सादर करावेत' असे लिहू नका. 'आठवी शिष्यवृत्ती अर्ज, वर्गशिक्षकांकडे' असे लिहा. घाईत असलेला माणूस पहिले वाक्य अर्ध्यात सोडील. दुसरे तो चालता चालता वाचील.

तिसरे घर 'कोण, कोठे, केव्हा' ह्याचे. तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, ते गावात कोणत्या वारी भेटतात; लसीकरण कोणत्या दिवशी असते; रास्त धान्य दुकान किती वाजता उघडते. चार ओळी पुरतात. ह्या चार ओळींनी माणसाचे तालुक्याचे किंवा चावडीचे फुकटचे हेलपाटे वाचतात, आणि हेलपाटा वाचला म्हणजे एका दिवसाची मजुरी वाचली.

चौथे घर सर्वांत खाली, आणि ते वाट दाखवण्याचे. पुष्कळ माहिती महत्त्वाची असते, पण ती अठरा ओळींत मावणारी नसते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ साली झाला. त्याप्रमाणे कोणता दाखला किती दिवसांत मिळाला पाहिजे, फी किती आणि काम न झाल्यास अपील कोणाकडे करायचे, ह्याची यादी कार्यालयाने सूचना फलकावर लावायची असते. ही यादी लांबलचक. ती पट्टीत कोंबू नका. तिच्या जागी 'दाखले, मुदत आणि फी: यादी आतल्या भिंतीवर' एवढे लिहा. त्याचप्रमाणे 'जुन्या सूचनांची फाईल: कपाटाशेजारी' अशी एक ओळ ठेवा. चांगली पट्टी सगळे सांगत बसत नाही. ती सगळे कोठे आहे ते सांगते.

आता थोडे कडू बोलतो. गुरुजींनी रागावू नये. सुविचार, वाढदिवस, सत्कार, देणगीदारांची नावे, फुलांची नक्षी, ह्यांपैकी काहीही ह्या पट्टीत येऊ देऊ नका. ह्या गोष्टी वाईट आहेत असे नव्हे. सुविचाराने दिवस सुरू करावा. पण त्याची जागा मधल्या फलकाच्या माथ्यावर आहे. देणगीदाराचा मान राखावा. त्यासाठी वेगळी पाटी करावी. पट्टीत एक वस्तू वाढली, की तिच्या शेजारची प्रत्येक वस्तू तेवढी फिकी पडते. कोणी थोर माणूस म्हणाला, 'माझे नाव पण तिथे टाका,' तर त्यांना हात धरून फलकापुढे न्यावे आणि विचारावे, 'दादा, सांगा, १०८ पुसू की लसीकरणाचा वार?' बहुतेक ते स्वतःच हसतील.

रंगाचेही थोडे सांगतो. काळ्या फलकावर पांढरे अक्षर सर्वांत स्पष्ट उठते, त्याखालोखाल पिवळे. तांबडा खडू हातात सुंदर दिसतो, पण काळ्यावर तो दुरून बुडून जातो, निळ्याचेही तसेच. आपण महत्त्वाचे म्हणून नेमके तांबड्याने लिहितो आणि नेमके तेच दिसत नाही! म्हणून मथळे पिवळे, मजकूर पांढरा, आणि घरांच्या मध्ये बोटभर मोकळी जागा. फलक फार उंच टांगू नये. मोठ्या माणसाची नजर जमिनीपासून सुमारे पाच फुटांवर असते. तारखांचे घर त्या पातळीच्या आसपास यावे. दुपारनंतरचे ऊन थेट फलकावर पडून तो चकाकत नाही ना, हेही एकदा पाहून घ्यावे.

आता सर्वांत अवघड काम. पट्टी आखणे सोपे, लिहिणेही सोपे, पुसणे अवघड. मुदत संपून गेलेली तारीख फलकावर आठ दिवस राहिली, की लोक मनात म्हणतात, 'हे जुनेच आहे.' मग ते ताज्या तारखेकडेही बघत नाहीत. एक शिळी ओळ शेजारच्या तीन ताज्या ओळींवरचा विश्वास घालवते. ह्यासाठी पट्टीच्या तळाशी 'पाहणी केली' असे लिहून पुढे त्या दिवसाची तारीख घालावी. दर शनिवारी शाळा सुटताना दोन विद्यार्थी पाळीपाळीने हे काम करतील. एकाने वाचावे, दुसऱ्याने वहीतल्या नोंदीशी ताडून पाहावे, संपलेले पुसावे आणि गुरुजींनी नजर टाकावी. दहा मिनिटांचे काम. पण ह्या दहा मिनिटांत मुले जे शिकतात, ते नागरिकशास्त्राच्या धड्यात सापडायचे नाही. आपण लिहिलेल्या ओळीवर गाव विसंबून आहे, हे त्यांना कळते.

कोणी विचारील, आता हातोहाती मोबाइल आहेत, सूचना व्हॉट्सॲपवर येतात. मग फलक कशाला? प्रश्न रास्त आहे. पण मोबाइलवरची सूचना सकाळी येते आणि संध्याकाळपर्यंत पन्नास शुभेच्छांच्या खाली गाडली जाते. शिवाय घरातला फोन बहुधा एकाच्या खिशात असतो, आणि ज्या आजीला किंवा सुनेला सूचना हवी, तिच्या हाती तो नसतो. फलक जागचा हलत नाही. तो कोणाच्याही एकट्याच्या मालकीचा नाही. फोनवर सूचना जरूर पाठवा, पण फलकावरची ओळ त्यामुळे गाळू नका.

ज्यांना वाचता येत नाही त्यांचे काय? त्यांच्यासाठी बाजाराच्या दिवशी एखाद्या मुलाने तारखांचे घर मोठ्याने वाचून दाखवावे. तीन तारखाच असल्यामुळे ऐकणाऱ्याच्या लक्षात राहतील. पट्टी लहान ठेवण्याचा हा आणखी एक फायदा.

पट्टी तयार झाली म्हणजे तिची परीक्षा घ्या. ज्याने ती लिहिली नाही अशा माणसाला दहा फुटांवर उभे करा आणि विचारा, 'लसीकरण कधी आहे?' त्याने मनात दहा अंक मोजेपर्यंत उत्तर दिले, तर पट्टी पास. त्याची नजर वरखाली भिरभिरू लागली, तर पट्टी नापास. माणसाला दोष देऊ नका. मग पट्टीतले काय काढता येईल ते बघा. आणखी काय घालता येईल, हे बघू नका.

येत्या शनिवारी एवढे करा. फलक स्वच्छ पुसा, दीड फुटावर रेघ मारा आणि चार घरे आखा. पहिल्या घरात १०८ लिहा. मग आपल्या गावात पुढच्या पंधरा दिवसांत कोणकोणत्या मुदती संपणार आहेत, ह्याची चौकशी करायला दोन मुले पाठवा. ती ज्या तीन तारखा घेऊन परत येतील, त्या दुसऱ्या घरात लिहा.