साडेबारा किलोतला अर्धा ग्रॅम

अमेरिकी लष्करात सैनिकांची एचआयव्ही तपासणी होते. तपासून उरलेलं रक्तद्रव्य फेकायचं नाही, उणे ३० अंशांवर गोठवून ठेवायचं, ही तिथली जुनी शिस्त. नोकरीत असेपर्यंत अधूनमधून नवा नमुना आणि नवी नळी. असं करत करत ५० लाखांहून जास्त माणसांच्या ३ कोटींहून जास्त नळ्या साठल्या.

ल्युपस म्हणजे शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःवरच उलटण्याचा आजार. ओक्लाहोमातले त्याचे संशोधक जॉन हार्ली, त्यांच्या सहकारी मेलिसा आर्बकल आणि इतरांनी या साठ्यात हात घातला. पुढे ल्युपस झालेले १३० जण निवडून त्यांनी त्यांच्या निदानाआधीच्या नळ्या बाहेर काढल्या. १३० पैकी ११५ जणांच्या रक्तात स्वतःच्याच शरीरावर उलटलेल्या अँटिबॉडीज आधीपासून होत्या. सरासरी ३.३ वर्षं आधी, आणि जास्तीत जास्त ९.४ वर्षं! २००३ साली हे प्रसिद्ध झालं. निम्म्याहून जास्त लोकांमध्ये त्या अँटिबॉडीज थेट डीएनएवर रोखलेल्या होत्या.

आता डीएनए तर पेशीच्या पोटात बंद असतो, तो यांना भेटतो कुठे? पेशी मेल्यावर. रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी रोज सुमारे १०,००० कोटी तयार होतात आणि जवळपास तितक्याच मरतात. एकेका पेशीत दोन मीटर डीएनए. गुणाकार करून पाहा: एका दिवसाच्या मढ्यांमधला हा धागा सलग जोडला तर २० कोटी किलोमीटर भरतो. सूर्य आहे १५ कोटींवर. एवढा कचरा शरीर रोज बिनबोभाट उचलतं. ल्युपसमध्ये ही सफाई रेंगाळते, उरलेल्या डीएनएला अँटिबॉडीज चिकटतात आणि गुठळ्या बनून जागोजागी अडकतात.

त्यातही किडनीत फार अडकतात. गाळण्याचा हिशोब समोर ठेवला की याचं नवल वाटत नाही. दोन्ही किडन्या मिळून वजन जेमतेम ३०० ग्रॅम, पण हृदयातून निघालेलं पाचवा हिस्सा रक्त त्यांच्याकडे जातं. पाणी जाणार म्हटल्यावर आपण भरून ठेवतो ते निळं पिंप साधारण २०० लिटरचं. किडन्या रोज १८० लिटर द्रव गाळतात आणि दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा रक्तात परत करतात. अंगात रक्तद्रव्य आहे फक्त तीन लिटर. तेच दिवसातून साठ वेळा गाळून निघतं.

गाळण्या सुमारे २० लाख. प्रत्येक मिठाच्या कणाहून बारीक, आणि तिच्यातला पडदा इतका पातळ की असे तीन हजार एकावर एक रचले तर एक मिलिमीटर जाडी होईल. जन्मानंतर नवी गाळणी एकही तयार होत नाही. बायॉप्सीच्या सुईत यातल्या दहा-वीस आल्या तरी डॉक्टर समाधानी असतात. तेवढ्यावरून २० लाखांचा अंदाज बांधायचा आणि औषध ठरवायचं. मला तर या शास्त्रातलं हेच सगळ्यात धाडसाचं काम वाटतं.

त्या १८० लिटर रक्तद्रव्यात प्रथिनं असतात साधारण साडेबारा किलो. धडधाकट माणसाच्या लघवीत त्यातली दिवसाला १५० मिलिग्रॅमसुद्धा उतरत नाहीत. चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये जमवून लॅबला दिली आणि आकडा अर्ध्या ग्रॅमच्या वर गेला, की ल्युपसच्या रुग्णाच्या बाबतीत डॉक्टर सावध होतात. साडेबारा किलोत अर्धा ग्रॅम म्हणजे पंचवीस हजारांत एक भाग. पोळीच्या कणकेत आपण मीठसुद्धा इतकं मोजून घालत नाही.

हा आकडा खाली आणता येतो का? जर्मनीत एर्लांगेनला गेऑर्ग शेट यांच्या गटाने २०२१ मध्ये एका वीस वर्षांच्या मुलीची हकीकत मांडली. किडनी ल्युपसच्या तावडीत, आजार औषधांना दाद देत नव्हता. तिच्याच टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी काढून, ल्युपसच्या अँटिबॉडीज जिथून येतात त्या बी-पेशी मारायला शिकवून परत सोडल्या, वजनाच्या किलोमागे ११ लाख. पाच आठवड्यांत डीएनएविरोधी अँटिबॉडीजचा आकडा ५,००० च्या वरून ४ वर आला. लघवीतलं प्रथिन २,००० मिलिग्रॅमच्या वर होतं, ते २५० च्या खाली उतरलं. पुढच्या वर्षी त्याच गटाने आणखी रुग्णांचा अहवाल दिला. ही मुलगी धरून सगळे मिळून पाच.