मजुरीचे तीन कागद
नगर जिल्ह्यांतील अस्थिर कष्ट आणि स्त्रियांची नोंद

१. जुन्या कागदपत्रांचा संग्रह करणारास एक गोष्ट नित्य अनुभवास येते. ज्याचें नांव कागदावर आलें त्याचा हक्क टिकला, व ज्याचें आलें नाहीं त्याची हकीकतही बुडाली. वतनाचा कज्जा पडला म्हणजे गोत जमे, साक्षी होत, महजर होई. आणि दोन पिढ्यांनीं वाद उकरला गेला म्हणजे तोच कागद पुनः पुढें येई. म्हणून आमच्या संग्रहांत पाटील, कुळकर्णी, देशमुख यांच्या घरचे रुमाल भरपूर आहेत, आणि हातावर पोट असणारांचे कागद विरळा. त्यांतही मजूर स्त्रियांचे तर फारच थोडे. प्रस्तुत लेखांत अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यांतील मजुरीचे तीन प्रकारचे कागद घेऊन, त्यांत स्त्रियांच्या कष्टाची मोजणी कशी झाली व कोठें झालीच नाहीं, हें दाखविण्याचा विचार आहे.

२. समाजशास्त्रज्ञ ज्यास अस्थिर काम म्हणतात त्याचीं लक्षणें ढोबळ मानानें चार सांगतां येतील. कामाची मुदत अनिश्चित असते. मजुरी दिवसावर नसून नगावर किंवा वजनावर असते. खरा मालक कोण हें मधल्या दलालामुळें धूसर होतें. आणि आजार, बाळंतपण, पावसाची ओढ यांचा सगळा भार मजुरावरच पडतो. हा शब्द नवा असला तरी वस्तु नवी नाहीं. जेथें अशी स्थिति असते तेथें स्त्री व पुरुष यांच्यांतील विषमता अधिक गडद होते, असें या शास्त्राच्या अभ्यासकांचें म्हणणें आहे. तें कसें घडतें हें कागदावरून पाहूं.

३. नगरच्या इतिहासांत कागद आणि कष्टकरी यांची गांठ एकदां फार मोठ्या प्रमाणावर पडलेली आहे. १८७५ सालीं मे महिन्याच्या १२ तारखेस पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांविरुद्ध दंगा केला. तो लवकरच नगर जिल्ह्याच्या पारनेर, श्रीगोंदें, नगर व कर्जत या तालुक्यांत पसरला. दंगेखोरांचा रोख सावकाराच्या जिवापेक्षां त्याच्या दप्तरावर होता. कर्जरोखे हातीं आले कीं ते जाळावे, एवढाच बहुतेक ठिकाणीं कार्यक्रम. सरकारनें चौकशीमंडळ नेमलें आणि १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्या कायद्यानें खतें गांवच्या निबंधकासमोर व्हावीं असें ठरविलें, आणि फेडीची पावती, वर्षाचा हिशेब व पासबुक मागण्याचा हक्क ऋणकोस दिला. तात्पर्य, ज्या कागदानें शेतकरी बांधला गेला होता तोच कागद त्याच्याही हातीं असावा, हें तत्त्व या भूमींत सुमारें दीडशें वर्षांपूर्वीं मान्य झालें. पुढील तिन्ही कागद याच कसोटीवर घासून पाहावयाचे आहेत.

४. पहिला कागद मुकादमाची वही. प्रवरेवरील भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें, आणि कालव्यांच्या पाण्यावर जिल्ह्याच्या उत्तर भागांत उंसाचा पसारा वाढला. हरेगांवास बेलापूर कंपनीचा कारखाना चालला. पुढें विठ्ठलराव विखे पाटील यांच्या खटपटीनें व धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालीं लोणीजवळ प्रवरानगर येथें सहकारी साखर कारखाना उभा राहून १९५०-५१ सालीं त्याचा पहिला हंगाम झाला. त्याच्यामागें जिल्ह्यांत एकामागून एक कारखाने निघाले. परंतु याच जिल्ह्याच्या पाथर्डी, शेवगांव, जामखेड या कोरडवाहू तालुक्यांतून माणसें दर वर्षीं कोयता घेऊन बाहेर पडतात. म्हणजे ऊंस पिकविणारा आणि ऊंस तोडणारा, असे दोन्ही भाग एकाच जिल्ह्यांत आहेत.

५. या तोडणीची व्यवस्था अशी. मुकादम वाहतूकदाराकडून किंवा कारखान्याकडून रक्कम घेतो आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास मजुरांस 'उचल' देतो. ती वहींत चढते. हंगाम साधारण चैत्रापर्यंत चालतो. तोडलेल्या उंसाच्या टनांवर मजुरी निघते आणि उचलींतून वजा होते. बाकी राहिली तर ती पुढील हंगामाच्या माथीं. येथें मोजणीचें माप माणूस नसून 'कोयता' हें आहे. एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. एकटें माणूस आलें तर अर्धा कोयता. पुरुष ऊंस तोडतो. बाई पाचट काढते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन गाडीवर चढविते. पहाटेचा स्वयंपाक, पाणी व लेंकरूं हें निराळेंच. वहींत मात्र उचलीपुढें बहुधा पुरुषाचें नांव असतें. अर्धें काम जिचें, तिच्या कष्टाचें स्वतंत्र खातें नाहीं. आणि कर्जाची फेड मात्र तिच्याही अंगीं.

६. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञानें १९७७-७८ च्या सुमारास गुजराथेंत बारडोलीकडे खानदेशांतून जाणाऱ्या ऊंसतोड मजुरांची पाहणी केली. तेथेंही त्यास हेंच माप, हीच उचल व हाच मुकादम दिसला. मापाचा परिणाम माणसांवर कसा होतो तें पाहण्यासारखें आहे. कोयत्यास जोडी लागते. त्यामुळें मुलामुलींचीं लग्नें लवकर उरकण्याकडे कल होतो. एकानें खाडा केला तर दंड जोडीच्या नांवावर पडतो. त्यामुळें मासिक पाळी, गरोदरपण, दुखणें यांस जागाच उरत नाहीं. शेजारच्या बीड जिल्ह्यांत ऊंसतोड स्त्रियांचीं गर्भाशयें मोठ्या संख्येनें काढलीं जात असल्याचें उघड झाल्यावर २०१९ सालीं सरकारनें डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. त्या वेळच्या पाहणींत ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकीं १३ हजारांहून अधिक स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झाल्याचें आढळलें. वहींत ज्या देहाची नोंद नव्हती त्याची नोंद शेवटीं रुग्णालयाच्या कागदावर झाली.

७. दुसरा कागद बिडी कामगार स्त्रीचें पुस्तक. नगर शहर व संगमनेर हीं बिडीचीं जुनीं ठिकाणें. नगरांत तेलंगणांतून आलेल्या पद्मशाली समाजाचा मूळ धंदा हातमागाचा. माग बसत गेले तसतशा त्या घरांतील बऱ्याच स्त्रिया बिडीकडे वळल्या. कामाची रीत अशी कीं, कारखान्यांतून तेंदूचीं पानें व तंबाखू मोजून घ्यावी, पानें भिजवून कात्रीनें कापावीं, बिड्या वळून दोऱ्यानें बांधाव्या व परत नेऊन द्याव्या. मजुरी हजार बिड्यांवर. पानें कमी पडलीं तर भर पदरची. त्यांतून जी बिडी पसंत पडली नाहीं ती 'छाट' म्हणून बाजूस पडे व तिची मजुरी बुडे. काम घरांत चाले म्हणून तें काम नव्हेच, फावल्या वेळचा उद्योग आहे, असें मालक म्हणूं शके. मारिया मीस या जर्मन विदुषीनें आंध्रांतील नरसापूरच्या लेस विणणाऱ्या स्त्रियांवर १९८२ सालीं जें पुस्तक प्रसिद्ध केलें त्याचा मुख्य सिद्धांत हाच कीं, स्त्रीस गृहिणी ठरविलें कीं तिची मजुरी आपोआप उतरते.

८. येथें कागदानें स्थिति कांहींशी पालटली. १९६६ च्या बिडी व सिगार कामगार कायद्यानें घरीं वळणाऱ्या स्त्रीसही कामगार मानलें, आणि दिलेला माल, आणलेल्या बिड्या व मजुरी यांची नोंद असणारें पुस्तक तिच्या स्वतःच्या नांवें आलें. १९७७ सालीं भविष्यनिर्वाह निधीची योजना या धंद्यास लागू झाली. घरीं काम करणारी ती नोकर कशी, हा वाद पुढें सर्वोच्च न्यायालयांत गेला. न्यायालयानें १९८५ सालीं निकाल दिला कीं, माल नापसंत करण्याचा अधिकार ज्यास आहे त्याचें कामावर नियंत्रण आहे, म्हणून हें नातें मालक-नोकराचेंच. म्हणजे ज्या छाटीनें स्त्रीची मजुरी बुडे तीच छाट तिच्या हक्काचा पुरावा ठरली! पुढें हा कायदा २०२० च्या श्रमसंहितेंत सामील करण्यांत आला.

९. तिसरा कागद दुष्काळी कामाचा हजेरीपट. १८७६-७८ च्या दुष्काळांत नगर जिल्ह्यांत धोंड-मनमाड लोहमार्गाचें काम दुष्काळग्रस्तांकडून करून घेतलें गेलें. तो मार्ग १८७८ सालीं खुला झाला. त्या काळच्या दुष्काळी कामांवर स्त्रीची मजुरी पुरुषाहून कमी धरण्याचा नियम होता. यानंतर सुमारें शंभर वर्षांनीं, १९७२-७३ च्या दुष्काळांत, पाझर तलाव, नालाबांध, रस्ते व खडी फोडणें या कामांवर पुनः गांवेंच्या गांवें लोटलीं. वि. स. पागे यांनीं पुढें मांडलेल्या रोजगार हमीच्या कल्पनेस १९७७ सालीं कायद्याचें रूप मिळालें व १९७९ च्या २६ जानेवारीस तो अंमलांत आला. या योजनेंत कामाचा दर मोजमापावर, स्त्रीपुरुषांस एकच. आणि हजेरीपटावर स्त्रीचें नांव निराळें व पुढें तिचा अंगठा. कामावर येणारांत स्त्रियांची संख्या फार मोठी होती.

१०. तिन्ही कागद शेजारीं ठेविले असतां भेद स्पष्ट होतो. तिन्ही ठिकाणीं काम कष्टाचें, हंगामी किंवा नगावारी, आणि करणारी स्त्री एकाच थरांतली. वहींत ती जोडींत लोपली. पुस्तकांत नांवानें आली. हजेरीपटांत समान दरानें आली. हा फरक कामाच्या स्वरूपानें झालेला नाहीं, मोजण्याच्या रीतीनें झालेला आहे. नांव आलें म्हणजे न्याय मिळाला असें मात्र कोणीं समजूं नये. ज्यांनीं बनावट महजर पाहिले आहेत त्यांस खोट्या हजेऱ्यांचें नवल वाटणार नाहीं, आणि पुस्तक असूनही बिडीची मजुरी तुटपुंजीच राहिली. तथापि नांव असल्यास दाद मागतां येते. नसल्यास कोणापुढें काय मागावें हाच प्रश्न. १८७५ च्या शेतकऱ्यास जाळावयास रोखा तरी होता. ऊंसतोड बाईजवळ जाळण्यासारखा वा जपण्यासारखा, कसलाच कागद नसे. ऊंसतोड मजुरांस ग्रामसेवकांमार्फत ओळखपत्रें देण्याचें सरकारनें २०२१ सालीं ठरविलें, त्याचें महत्त्व या दृष्टीनें जाणावें.

११. शेवटीं संग्राहकांस एक विनंति. मुकादमांच्या वह्या, बिडीचीं पुस्तकें, जुने हजेरीपट हे रद्दींत जाण्याचे दिवस आहेत. मोडी रुमालही एके काळीं असेच वाण्याच्या दुकानीं पुड्यांस गेले. असा कागद हातीं आला तर तो टाकूं नये. तो कोणत्या गांवचा व हंगामाचा, नांव कोणाचें, माप कोणतें, व वजावट कशाची, एवढें टिपून ठेवावें. हयात मजुरांचीं नांवें मात्र त्यांच्या संमतीवांचून प्रसिद्ध करूं नयेत. शंभर वर्षांनीं या जिल्ह्याचा इतिहास लिहिणारास साखरेचे टन कारखान्यांच्या अहवालांत सहज सांपडतील. त्या टनांची मोळी कोणाच्या डोक्यावरून गेली, हें सांगणारा कागद आजच जपला नाहीं तर त्यास कोठेंही मिळणार नाहीं.