पावट्यातला राखणदार

हिवाळ्यात आपल्या ईश्वरपूरच्या बाजारात पावटा येतो ना, त्याचीच ही गोष्ट बरं का!

हाडांच्या पोकळीत मूळ पेशी असतात. त्यांच्यापासून सगळ्या रक्तपेशी बनतात. रक्ताच्या काही कर्करोगांत त्या दुसऱ्याकडून घ्याव्या लागतात. पण प्रयोगशाळेत त्या टिकवणं महाकठीण! वाढीची औषधं घातली, तर त्यांच्या साध्या रक्तपेशी होतात. नाही घातली, तर मरतात.

१९९९ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी पावट्यातलं ‘फ्रिल’ हे प्रथिन वापरलं. मूळ पेशी महिनाभर तशाच राहिल्या, बशीतला द्रव न बदलता! पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रानंही २०१० मध्ये नाळेच्या रक्तातल्या मूळ पेशी अशाच वनस्पती-प्रथिनांनी जपल्या.

पावट्याची आमटी खाऊन मात्र हे होणार नाही हं. शिजवताना ते प्रथिन मोडतं!